हुकाला टांगलेली मैत्री

आता मी जे सांगणार आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. माझाही बसला नसता. पण त्या कारखान्यात मी उभा जन्म काढलाय आणि माझी सून आज तिथे आहे, त्यामुळे माझा नाइलाज आहे. आमच्या सुनेनं एका अख्ख्या कंपनीचा स्वभाव काट्यावर घालून तोलला. किलो-ग्रॅममध्ये.

"काय तोलला?" विहीणबाई म्हणाल्या.

"स्वभाव. आणि तोलून झाल्यावर बदलून दिला."

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. दुपारीच आल्या होत्या, नवऱ्याला आणि एका बॅगेला घेऊन. नवऱ्याला खुर्चीत बसवलं होतं, बॅग मांडीवर होती. आमचे व्याही गोड माणूस. जेवण झालं की तोंडावर पेपर घेतात आणि पेपराखालून सगळ्याला 'हो' म्हणतात. विहीणबाईंचं तसं नाही. त्या आल्या होत्या एकाच प्रश्नासाठी: लेकीची नोकरी राहिली की गेली? लेकीनं फोनवर एवढंच कळवलं होतं, "राहिली. बाकीचं संध्याकाळी घरी सांगते." आता संध्याकाळपर्यंत गप्प बसायला मी काय पेपराखाली आहे?

"सांगा," विहीणबाई म्हणाल्या. "पण मीठमसाला न लावता."

"मीठ मला डॉक्टरांनीच बंद केलंय," मी म्हटलं आणि सुरुवात केली.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. सोनाराच्या नाजूक काट्यापासून ते भरलेला ट्रक तोलणाऱ्या लोखंडी चौथऱ्यापर्यंत. तिथली माणसं अशी तयार, की फरशीवर स्क्रू पडला तर नुसत्या आवाजावरून त्याचं वजन सांगतील. पॅकिंगमधली एक बाई तर नवऱ्याचा राग ग्रॅममध्ये सांगायची. "आज अडीचशे आहे," म्हणायची, आणि संध्याकाळी उशिरा घरी जायची. सगळं तोलून मापून. फक्त माणसाच्या मनात काय चाललंय, ते तोलायचा काटा आमच्याकडे नव्हता.

आणि त्याची गरज होती, कारण आमचे मालक.

मालक वाईट नाहीत हो. ओरडत नाहीत, शिव्या देत नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी वाईट बातमी घेऊन समोर उभा राहिला की ते डोळ्यांवरचा चष्मा काढायचे, खिशातून रुमाल काढायचे, आणि चष्मा पुसायचे. हळूहळू. आधी डावी काच, मग उजवी, मग परत डावी. तोंडातून अवाक्षर नाही. समोरचा माणूस त्या पुसण्यात विरघळून जायचा. काचा पुसून पुसून इतक्या झिजायच्या, की चष्म्याचा नंबर आपोआप बदलायचा.

"व्याहीबुवा."

"बरं, नंबर नाही बदलायचा. काचा बदलायला लागायच्या."

पण परिणाम काय झाला, की वाईट बातमी वर जाईनाशी झाली. चांगली बातमी दोन-दोन पायऱ्या चढत मालकांच्या केबिनमध्ये शिरायची, आणि वाईट बातमी खाली खोक्यांच्या मागे लपून बसायची. कोणाला दिसलीच तर तो तिच्यावर ताडपत्री घालायचा.

अशातच एक मोठा माल परत आला. सगळे काटे चुकीचं वजन दाखवत होते. चूक आहे हे जोडणीवाल्यांना ठाऊक होतं, स्टोअरला ठाऊक होतं, तपासणीला ठाऊक होतं, कँटीनमध्ये चहा गाळणाऱ्यालाही ठाऊक होतं. मालकांना ते गिऱ्हाइकाकडून कळलं. शिवाय चांगली चांगली माणसं एकामागून एक सोडून चालली होती. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात वारा बघायचा आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरी नोकरी शोधायला लागायचा. आणि दरवर्षी कंपनी सगळ्यांना कागद वाटून विचारायची, तुम्ही इथे आनंदी आहात का? सगळे लिहायचे, 'अत्यंत'. एकानं सकाळी राजीनामा दिला होता, त्यानंही 'अत्यंत' लिहिलं, आणि जाता जाता परत येऊन त्याखाली रेघ ओढली.

तेव्हा मालकांनी आमच्या सुनेला बोलावलं.

"म्हणजे यासाठी तिनं बँकेतली पक्की नोकरी सोडली," विहीणबाई म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हणाले होते."

"म्हणालात. मला इथपर्यंत ऐकू आलं होतं, आणि फोन माझ्या हातात नव्हता."

"मग खोटं होतं का?"

"नव्हतं. बँकेत तिला कोणी काढणार नव्हतं. इथे मालकांची अट होती." आणि अट सांगताना मी मुद्दाम आवाज खाली आणला, कारण त्याशिवाय विहीणबाई पुढे वाकत नाहीत. "संचालकांच्या वार्षिक बैठकीपर्यंत मुदत. तोवर कंपनीची संस्कृती मोजून दाखवायची आणि सुधारूनही दाखवायची. नाही जमलं तर विभाग बंद. आणि विभाग म्हणजे ती आणि तिचं टेबल."

सुनेची विद्या अशी, की माणसं काय म्हणतात ते विचारत बसायचं नाही. माणसं काय करतात ते बघायचं. कोण कोणाकडे जातं, कोण कोणाला टाळतं, अडलं तर किती वेळात मदत मागतं, बैठकीत कोणाचं तोंड उघडतं आणि कोणाचं फक्त जांभईसाठी. अशा हजार बारीकसारीक गोष्टी गोळा करायच्या आणि त्यातून घराचा स्वभाव ओळखायचा. "सासरी आल्यावर मी हेच केलं होतं, बाबा," ती एकदा मला म्हणाली. "फक्त तेव्हा कॉम्प्युटर नव्हता." त्या दिवसापासून मी तिच्यासमोर जपून वागतो.

तिनं सगळ्यांच्या गळ्यात एकेक बिल्ला घातला. बिल्ल्यात चिप. ती बोलणं ऐकत नाही, फक्त कोण कोणाच्या जवळ किती वेळ होतं आणि किती हललं, एवढं टिपते. तिनं सगळ्यांना एकत्र जमवून, स्टुलावर उभी राहून हे सांगितलं. काही लपवलं नाही.

"घरी नाही ना कळवत हा?" मागून एकानं विचारलं. हा आमचा स्टोअरवाला. त्याला सगळे 'कुलूप' म्हणतात. एक स्क्रू मागितला तरी किडनी मागितल्यासारखं तोंड करतो.

"कळवायला घरी वाट कोण बघतंय?" दुसरीकडून आवाज आला. ही तपासणीची प्रमुख. तिचं नाव 'भिंग'. सूर्यात पण डाग आहेत म्हणून तो परत पाठवील अशी बाई.

कुलूप आणि भिंग एका भिंतीच्या दोन बाजूंना बसायचे, आणि कित्येक वर्षं त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. असे मोघम टोमणे हवेत सोडायचे, पण सरळ शब्द नाही. भांडण कशावरून झालं ते त्या दोघांनाही आठवत नव्हतं, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं. निरोपानिरोपी ईमेलनं, तीही मुख्य कार्यालयातून वळसा घालून. माल तपासणीत अडकला आहे हे भिंतीपलीकडच्या माणसाला कळायला आठवडा लागायचा.

पहिल्या आठवड्याची माहिती आली. सुनेनं कारखान्याचा नकाशा पडद्यावर घेतला आणि माणसं कुठून कुठे चालली त्याच्या रेषा त्यावर सोडल्या. सगळीकडे रेषा सरळ. फक्त मालकांच्या केबिनपाशी आल्या की वाकत होत्या. नदीनं खडकाला वळसा घालावा तशा. पॅकिंगमधून फाटकाकडे जायची सरळ वाट केबिनच्या जिन्याजवळून, वरच्या काचेतून मालकांना दिसेल अशी जाते. पण माणसं मागच्या शेडमधून, भंगाराच्या ढिगामागून, सायकली लावायच्या जागेतून फिरून जात होती. वर्षानुवर्षं. त्या आडवाटेवर फरशीला खोबण पडलेली. एकदा एक पाहुणा तिच्यात पडला तर त्याला दोर टाकून वर काढावं लागलं.

"दोर!"

"बरं, हात देऊन."

पेपराखालून "हो" आलं. विहीणबाईंनी पेपराकडे असं बघितलं की तो पेटायचाच बाकी होता.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. पण आमचे लोक आपसात बोलायला लागले. आज वाट दिसली, उद्या दिसेल कोण किती वेळ चहाला बसतो. परवा नावं वर जातील. आणि एके दिवशी सकाळी सुनेच्या पडद्यावर चमत्कार सुरू झाला. स्टोअर आणि तपासणी एकत्र. दोन दिवसांनी पॅकिंगही त्यांच्यात. मग जोडणीवाले, मग हिशेबवाले. रोज एकेक विभाग एकमेकांच्या गळ्यात पडत होता. विभाग जवळ आले की पडद्यावर हिरवं दिसतं; पंधरवड्यात सगळा पडदा हिरवागार.

मालक स्वतः खाली आले. हातात दोन चहाचे कप, एक तिच्यासाठी. "कमाल केलीस! नुसता बिल्ला घालून माणसं सुधारली. बैठकीत हेच दाखव. तुझा विभाग पक्का."

"म्हणजे झालं की!" विहीणबाई म्हणाल्या. "राहिली नोकरी."

"ऐका तर."

सुनेनं ती माहिती घेतली आणि बारकाईनं बघायला बसली. कुलूप आणि भिंग सकाळी कामाला आल्यापासून सुटेपर्यंत एकमेकांना चिकटलेले. बरं, होतं असं कधी कधी. पण ते जेवायला उठत नव्हते. कोणीच उठत नव्हतं. आणि विहीणबाई, माफ करा, पण अख्ख्या कंपनीत दिवसभर कोणी बाथरूमला जात नव्हतं. एवढं प्रेम तर माझ्या लग्नातसुद्धा नव्हतं. त्याहून पुढचं ऐका. सगळे डुलत होते. मालक सोडून सगळी कंपनी एका तालात, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. जसा काही पंख्याचा वारा लागतोय.

ती उठली आणि तपासणीच्या खोलीत गेली. कोपऱ्यात वर टांगता वजनकाटा आहे, खाली मोठा हूक असलेला. त्या हुकाला सगळ्या कंपनीचे बिल्ले द्राक्षांच्या घडासारखे लटकत होते. वर पंखा चालू.

आता तुम्ही म्हणाल, हूक कशाला? भिंतीत खिळे काय थोडे होते? पण हीच तर आमच्या लोकांची खोड. सकाळी सगळ्यांचे बिल्ले आले की नाही, हे बघायचं कसं? दुसऱ्या कुठल्याही कंपनीत लोकांनी ते मोजले असते. आमचे लोक मोजत नाहीत, तोलतात. एका बिल्ल्याचं वजन माहीत, घड हुकाला लावला, आकडा बघितला, झालं. आणि एवढे हुशार लोक एकच गोष्ट विसरले. तो टांगता काटा म्हणजे तपासणीचा मुख्य काटा. त्याला जे जे लटकवाल त्याचं वजन तारेतून आपोआप कॉम्प्युटरमध्ये जातं. ती तार भिंगनंच हट्टानं बसवून घेतली होती. म्हणजे या लोकांनी कट केला, आणि रोज सकाळी त्या कटाचं वजन स्वतःच ऑफिसला कळवलं!

विहीणबाई हसल्या. मोठ्यानं. मग आपण हसलो हे लक्षात येऊन त्यांनी बॅग सावरली.

"त्या संध्याकाळी ती घरी आली," मी पुढे म्हणालो, "आणि इथे, तुम्ही बसलात तिथे बसली. सगळं सांगितलं. मी म्हटलं, पोरी, गप्प बस. पडदा हिरवा आहे, मालक खूश आहेत, बैठक तोंडावर आहे. कोणाला काय पडलंय?"

"बरोबर सांगितलंत," विहीणबाई म्हणाल्या. आमचं दोघांचं एकमत व्हायची ही मुलांच्या लग्नानंतरची पहिली वेळ.

"तर मला म्हणाली, बाबा, काट्यावर अंगठा दाबून माल विकायचा? मी म्हटलं, अगं, थोडासाच. तर म्हणाली, या कंपनीत वाईट बातमी वर जात नाही, हाच सगळा रोग. आणि आज कंपनीतली सगळ्यात वाईट बातमी माझ्या हातात आहे. मग मी पण मागच्या शेडमधून वळसा घालून जाऊ?"

"बँकेत असती तर ही वेळ आली नसती," विहीणबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. मग त्यांनी मांडीवरची बॅग उचलून खाली ठेवली. "मग गेली?"

गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांच्या देखत, सरळ वाटेनं. ती वाट इतकी वापरात नव्हती की तिथे गवत उगवलं होतं.

"फरशीवर?"

"फरशीवर. गुडघाभर."

पॅकिंगचे हात थांबले. कुलूप स्टोअरच्या खिडकीत, भिंग तपासणीच्या दारात. काचेच्या केबिनमधलं सगळं खाली दिसतं, ऐकू मात्र येत नाही. त्यामुळे पुढचं त्यांनी बघितलं आणि मी ऐकलं.

"कसं ऐकलंत?"

"सुनेनं सांगितलं. आता मधे बोलू नका."

ती म्हणाली, "साहेब, पडद्यावरचा हिरवा रंग खोटा आहे. बिल्ले माणसांच्या गळ्यात नाहीत, हुकावर आहेत."

मालकांनी चष्मा काढला. खाली पॅकिंगमधल्या एकीनं डोळे मिटून घेतले. डावी काच. उजवी काच. सून उभी. परत डावी. सून उभीच. ती म्हणते, त्या वेळी तिनं मनात घरभाड्याचा विचार सुरू केला होता.

शेवटी मालक म्हणाले, "नावं सांग."

"नावं नाहीत माझ्याकडे," ती म्हणाली. "वजन आहे."

आणि तिनं टांगत्या काट्याचे आकडे समोर ठेवले. "पहिल्या दिवशी हुकावर फक्त स्टोअर आणि तपासणीचा भार होता. ज्या दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नाही ते. दोन दिवसांनी पॅकिंग आलं. मग जोडणी. मग हिशेबवाले. रोज सकाळी भार वाढत गेला. साहेब, या माणसांना एका खोलीत बसवणं कोणाला जमलं नाही, ती एका हुकावर आली. आपापली पाळी लावून, एकानं दुसऱ्याचा बिल्ला जपून, एक शब्द बाहेर न फुटू देता. एवढं सुरेख काम या कंपनीत आजवर झालेलं नाही. आणि ते त्यांनी कशासाठी केलं? भीतीनं. तुमच्या, आणि माझ्या बिल्ल्याच्या. भीतीनं एवढं जमतं, तर भीती गेल्यावर काय जमेल, ते मला मोजू द्या."

मग तिनं नकाशा काढला. रेषा आणि त्यांचा वळसा. मालकांनी तो जवळ ओढला. "हा मधला खडक कोण?" त्यांनी विचारलं.

सुनेनं नकाशातल्या केबिनवर बोट ठेवलं.

"मी?"

"तुमचा चष्मा, साहेब."

आणि आता मी जे सांगतोय ते अगदी खरं आहे: मालकांना ठाऊकच नव्हतं! एवढ्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की ते चष्मा पुसायला लागले की माणसं मरतात. सांगणार कोण? ती पण वाईटच बातमी! ते म्हणाले, "मला वाटायचं, मी विचार करतोय."

इतक्यात दार वाजलं आणि सून आली. तिनं आईला बघितलं, मला बघितलं, माझे वर गेलेले हात बघितले आणि ओळखलं. "सुरू झालं?"

"मधे बोलू नकोस," विहीणबाईच तिला म्हणाल्या. "चष्म्यापर्यंत आलोय."

सून हसली, पाण्याचा ग्लास घेतला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "सांगा बाबा."

तर मग सुधारणा सुरू झाली. पहिली गोष्ट, बिल्ल्यांची टोपली फाटकाशी ठेवली; ज्याला घालायचा त्यानं घालावा. दुसरी, काय मोजायचं ते लोकांनीच ठरवायचं. आणि लोकांनी काय ठरवलं? बिघाड पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्याला दिसला तिथपासून मालकांच्या कानावर गेला तिथपर्यंत किती वेळ, तो मोजायचा. बस, एवढंच. हे मोजायचं काम दिलं कुलूप आणि भिंगला. कारण ज्यांनी इतकं सफाईनं फसवलं, त्यांना फसवायच्या सगळ्या वाटा ठाऊक. पहिल्या दिवशी दोघं समोरासमोर बसले तेव्हा कुलूप म्हणाला, "बिल्ले टांगताना बोलत होतीस, आता का तोंड शिवलंय?" आणि भिंग म्हणाली, "तेव्हा तू कामाचं बोलत होतास." त्यानंतर जे बोलायला लागले, ते अजून थांबलेले नाहीत. मधली भिंत पाडावी लागली.

सून पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

आणि तिसरी गोष्ट, मालकांनी शिकायचं. वाईट बातमी आली की हात टेबलावर, आणि पहिला शब्द, "बरं झालं सांगितलंत." सोपं वाटतं ना? करून बघा. मालकांनी घरी तालीम केली. बायकोनं रोज जेवताना त्यांना एकेक वाईट बातमी द्यायची. "नळ गळतोय." "बरं झालं सांगितलंस." "गाडीला ओरखडा आलाय, मीच आणला." "बरं झालं सांगितलंस." "तुमची धाकटी बहीण महिनाभर राहायला येतेय." हात निघाला चष्म्याकडे! परत पहिल्यापासून.

मग एक दिवस पॅकिंगमधली ती रागाचे ग्रॅम सांगणारी बाई सरळ वाटेनं केबिनमध्ये गेली आणि खोकी दबतायत म्हणून सांगून आली. जिवंत परत आली! दुसऱ्या दिवशी दोघं गेले. मग रीघच लागली. पूर्वी बिघाड वर कळेपर्यंत तो पिकून म्हातारा व्हायचा; आता एका पाळीच्या आत कळायला लागला. शेवटी शेवटी तर बातमी इतकी जोरात सुटायची, की ती आधी पोहोचायची आणि बिघाड मागून धापा टाकत यायचा.

"खरंच?" विहीणबाईंनी लेकीकडे बघितलं.

"साधारण," सून म्हणाली.

आणि मग उजाडला बैठकीचा दिवस. लांब टेबल, सगळे संचालक, टोकाला मालक, पडद्याशी आमची सून. पडद्यावर एकच रेष, उतरत जाणारी: वाईट बातमीला वर पोहोचायला लागणारा वेळ. संचालकांत एक आहेत, ते कशावरही विश्वास ठेवत नाहीत. आरशात बघितलं तर ओळखपत्र मागतील. ते म्हणाले, "बाई, गेल्या महिन्यात म्हणे सगळं हिरवं होतं, आणि ते हुकावर टांगलेलं निघालं. ही रेष कुठे टांगली नाही कशावरून?"

प्रश्न रास्त होता. सुनेनं आकडे दाखवले. ते म्हणाले, "आकडे तेव्हाही होते." तिनं पद्धत समजावली. ते म्हणाले, "पद्धत तेव्हाही होती." आणि त्यांनी पेन उचललं. समोर कागदावर विभागाचं नाव होतं, आणि पेनाचं टोक त्या नावाच्या डोक्यावर आलं होतं.

विहीणबाईंनी पेपर ओढून काढला. "उठा. तुमच्या लेकीचं चाललंय." व्याही उठून बसले.

धाडकन दार उघडलं. कुलूप आणि भिंग! संचालकांच्या खोलीत, न विचारता, हात तेलकट, धाप लागलेली.

"ट्रक तोलायचा जो काटा आज रवाना होतोय," कुलूप म्हणाला, "तो वजन कमी दाखवतोय, आत्ताच कळलं. चूक माझी. जुना सुटा भाग मी दिला."

"चूक माझी," भिंग म्हणाली. "मी तो नजरेखालून जाऊ दिला."

"अगं, माझी म्हणतोय ना."

"तुझं काय म्हणणं, मला दिसत नाही?"

"माल कुठे आहे?" मालकांनी विचारलं.

"फाटकाच्या आत. गाडी सुरू झालीय."

सगळी खोली मालकांकडे बघायला लागली. संचालकांसमोर, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, सगळ्यात मोठा माल. मालकांचा हात वर गेला. हात चष्म्यापाशी आला... आणि चष्म्याखालून मालकांनी नाक खाजवलं.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "गाडी थांबवा. गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करतो. कोणाची चूक ते नंतर चहा पिताना भांडा."

दोघं आले तसे पळत गेले. खाली गाडीचं इंजिन बंद झाल्याचा आवाज वर ऐकू आला.

ते संशयी संचालक दाराकडून पडद्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "चूक कधी लक्षात आली यांच्या?"

"आत्ताच," सून म्हणाली. "जिना चढायला लागला, तेवढाच वेळ."

"आणि आधीचा, तो परत आलेला माल? तो किती दिवसांनी कळला होता?"

"गिऱ्हाइकानं सांगितला तेव्हा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बाई," ते म्हणाले, "ही रेष मला दिसली. दार उघडून आत आली. आपल्या बाकीच्या कारखान्यांतही हा विभाग हवा. टेबल मोठं करा यांचं."

विहीणबाई उभ्याच राहिल्या. "ऐकलंत का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सगळ्या कारखान्यांत!" व्याही म्हणाले, "हो," आणि या वेळी त्यांना खरंच ऐकू आलं होतं.

मग काय, मलाही राहवेना. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. म्हटलं, "आणि मग मालक रडले! विहीणबाई, तो माणूस, ज्याच्या डोळ्यांत कोणी कधी टिपूस बघितला नाही, तो भर बैठकीत ढसाढसा रडला. 'पोरी, तू माझी कंपनी वाचवलीस,' म्हणत उठला, त्याला सावरायला दोन संचालक धावले, तर तेही रडायला लागले, अख्खी खोली..."

"बाबा," सून चौकटीतून म्हणाली, "साफ खोटं. मालकांनी 'ठीक आहे, पुढचा विषय घ्या' एवढंच म्हटलं. रडलात ते तुम्ही. मी काल घरी येऊन सांगितलं तेव्हा, या इथे दारात. मला धड चपला काढू दिल्या नाहीत."